कुळागरात सापडलेला तोफगोळा, शिशाच्या गोळ्या आणि मुठीचा तुकडा: साफ करावं की तसंच ठेवावं?

आंतरुजकर:

गोव्यातल्या फोंडा महालात एका कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाण्याच्या टाकीसाठी खड्डा घेताना अडीच-तीन फुटांवर, लाल माती संपून जांभा सुरू होतो तिथे, काही वस्तू निघाल्या. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

लोखंडी गोळा एक. दोरा गुंडाळून मोजला तर घेर ३१.५ सेंमी, दुकानाच्या काट्यावर वजन ३.१ किलो. वर गंज-मातीचं खडबडीत कवच, चुंबक सगळीकडून चिकटतो. भोक दिसत नाही, पण एका बाजूला रुपयाएवढी जागा किंचित खोलगट वाटते. शिशाच्या गोळ्या चार: दोन गोल (२८ आणि १९ ग्रॅम), एक चेपलेली (२७ ग्रॅम), एकीला आरपार भोक. तलवारीच्या मुठीचा तुकडा, परज (हाताचं रक्षण करणारी पट्टी) आणि वरची कटोरी ओळखू येते, पातं मुळाशीच तुटलेलं. पितळी वाटणारं बटण, मागे कडी, पुढे अंकासारखं काहीतरी. शिवाय मधाच्या रंगाचा एक पाचरीसारखा दगड, २.८ सेंमी लांब, गुळगुळीत.

घरच्यांचा सल्ला असा की गोळा रॉकेलमध्ये बुडवून वायर ब्रश मारावा, वर खोबरेल लावावं आणि बटण चिंचेने घासावं. अजून काहीच केलेलं नाही. वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात आहेत. १७५६ च्या मर्दनगडाच्या (फोंड्याच्या किल्ल्याच्या) लढाईशी यांचा संबंध लागेल का? आणि कायद्याने घरी ठेवता येतात का?

तोफखाना:

काहीच केलं नाहीत हे फार बरं केलंत. रॉकेल आणि ब्रशचं नंतर बघू. आधी एकच प्रश्न: गोळा भरीव आहे की पोकळ? भरीव गोळा म्हणजे लोखंडाचा धोंडा, पायावर पडला तरच धोका. पोकळ गोळ्यात दारू असू शकते. ओल्या मातीत सोरा बहुधा विरघळून जातो, पण वातीचं भोक गंजाने घट्ट बुजलं असेल तर आतली दारू कोरडी राहिलेली असू शकते. त्यामुळे उत्तर मिळेपर्यंत ड्रिल, ग्राइंडर, हातोडा, चूल, ऊन, वीज यांपैकी काहीही त्याच्या जवळ नको.

उत्तर बरंचसं हिशेबातून मिळतं. ओतीव लोखंडाची घनता साधारण ७.२. व्यास सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा घन करा, ३.७७ ने गुणा, की भरीव गोळ्याचं वजन ग्रॅममध्ये येतं. तुमचा घेर ३१.५, म्हणजे व्यास १०.०३, म्हणजे भरीव असता तर ३.८ किलो भरायला हवा होता. भरतोय ३.१. पोकळ गोळ्याच्या भिंतीची जाडी व्यासाच्या सहाव्या हिश्शाएवढी धरली तर वजन भरिवाच्या ७० टक्क्यांवर येतं, म्हणजे २.७ च्या आसपास. तुमचा आकडा नेमका मधे लटकतोय, आणि इथेच माणसं घाई करून चुकतात.

कारण तुम्ही कवचावरून मोजलंय. गंज-मातीचं कवच हलकं असतं, घनता अडीच-पावणेतीन. चहूबाजूंनी ५ मिमी कवच आहे असं धरून पुन्हा मांडा: आतला गोळा ९.०३ सेंमी, त्याचं वजन २.७८ किलो, कवचाचं ३७० ग्रॅम, बेरीज ३.१५. जुळलं. हाच गोळा पोकळ असता तर कवचासकट २.३ च्या आसपास भरला असता. म्हणजे कल भरिवाकडे आहे. पण ओतीव लोखंड मातीत झिजताना लोह निघून जातं आणि काळं ग्रॅफाइट मागे राहतं, त्यानेही वजन घटतं. म्हणून ती खोलगट जागा मला नुसत्या हिशेबावर सोडवत नाही. वातीचं भोक बुजलेलं असलं तर असंच दिसतं. ओतताना राहिलेला खळगा असला तरीही असंच दिसतं.

पक्कं करायचं तर रेडिओग्राफी, म्हणजे कारखान्यातला जोरदार एक्स-रे. वेल्डिंगचे सांधे तपासणारी माणसं जहाजबांधणीच्या कामावर असतात, वास्कोकडे चौकशी करा. दवाखान्यातल्या एक्स-रेचा इतक्या जाड लोखंडात उपयोग नाही. मात्र संशय असताना गोळा गाडीत टाकून फिरवू नका. ११२ ला फोन करा, बॉम्ब पथक जागेवर येऊन बघतं.

आता आकाराबद्दल. ९ सेंमी म्हणजे ६ रतली गोळा. पोर्तुगीज अर्रातेल ४५९ ग्रॅमचा, इंग्रजी पौंड ४५३.६ चा. ६ अर्रातेलच्या गोळ्याचा व्यास ९.० सेंमी येतो, ६ पौंडाच्या गोळ्याचा ८.९७. एवढा फरक गंजलेल्या गोळ्यावर कोणाच्याही बापाला मोजता येणार नाही, तेव्हा गोळा पोर्तुगीज की इंग्रजी हे नुसत्या मापावरून छातीठोक सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. (आपला 'रतल' आणि त्यांचा 'अर्रातेल' दोघेही अरबी 'रत्ल'चे वंशज, म्हणून कानाला जवळचे वाटतात.)

जांभ्यात निसर्गतःच लोहयुक्त गोल गोटे होतात, ते सुद्धा लोक तोफगोळे म्हणून आणतात. ते हातात घेतले की लगेच हलके लागतात. तुमचा तो प्रकार नाही.

दफ्तरदार:

कायद्याचं थोडक्यात, कारण यात तीन कायदे एकमेकांत मिसळून लोक घाबरतात किंवा उलट अगदीच निर्धास्त राहतात.

जमिनीत दडलेली आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही वस्तू मिळाली की १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. सोन्याचा हंडाच लागतो असं नाही, 'कोणत्याही मूल्याची वस्तू' अशी व्याख्या आहे. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय मिळालं, किती, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात ठेवायची किंवा मागतील तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. त्यानंतर जाहीर नोटीस निघते आणि सुनावणीची तारीख नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आत नसते, सहा महिन्यांपलीकडेही नसते. कोणाचा हक्क शाबीत झाला नाही तर निधी बेवारस ठरतो, आणि आपसात वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू स्वतःकडे घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. कळवलं नाही तर हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

गोव्यात इथे एक खोच आहे. कुळागर भाटकाराचं (जमीनमालकाचं), कसणारं कूळ वेगळं, खड्डा खणणारा कामगार तिसराच. अर्जात 'सापडणारा' म्हणून कोणाचं नाव जाणार हे आधी बसून ठरवा आणि कागदावर घ्या. नंतर भांडण होतं ते गोळ्यावरून होत नाही, नावावरून होतं.

१९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष. त्यातली सक्तीची नोंदणी शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या अशा अधिसूचित प्रकारांना आहे. पण खरेदी-विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर खासगी माणसाला काहीच नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला 'आठवण' म्हणून शिशाची गोळी देणं हाही गुन्हाच. तुटकी मूठ शस्त्र कायद्याच्या कचाट्यात येत नाही, त्याची काळजी सोडा.

आणि संरक्षित किल्ला किंवा स्थळ असेल तर तिथे मेटल डिटेक्टर घेऊन उकरणं साफ बंद. तुमचं प्रकरण वेगळं आहे, बांधकामात सहज निघालेलं. अर्जाची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व खात्यालाही द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. आता त्या खड्ड्याच्या बाजूला 'अजून काही मिळतंय का' म्हणून खणू नका, तोच सहजपणा कागदावर मुद्दाम दिसू लागतो.

गंजफोड:

तोफखानाबाबांनी गोळा भरीव ठरवून दिला आणि दफ्तरदारांच्या मार्गाने पोच हातात आली, असं धरून पुढचं लिहितोय. त्याआधी फक्त नीट साठवण, उपचार नाही.

वर्तमानपत्र आणि पत्र्याचा डबा आजच काढा. कागद आम्लधर्मी असतो, शिवाय ओल धरून ठेवतो. पॉलिप्रॉपिलीनचा घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि वस्तूंच्या वजनाइतकं सिलिका जेल त्यात घाला, म्हणजे एका गोळ्याला तीन किलो. निळं जेल नको, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी रंगाचं मिळतं ते घ्या. आत एक छोटं आर्द्रतामापक टाका. लोखंडाला २० टक्क्यांखाली ठेवायचंय. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता नव्वदीत असते, म्हणजे झाकण उघडं राहिलं की दोन दिवसांत जेल बाद. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० अंशांवर तीन-चार तास तापवून परत वापरा.

लोखंडाचा खरा वैरी गंज नाही, गंजाखाली बसलेलं क्लोराइड आहे. गोळा वरून ठणठणीत दिसतो, कपाटात ठेवला जातो, आणि दोन पावसाळ्यांनी त्याच्या अंगावर तांबूस घामाचे थेंब दिसायला लागतात. मोहरीएवढे, चकचकीत, पुसले तर बोटाला चिकट लागतात आणि वाळले की पोकळ पापुद्रा मागे राहतो. मग एक दिवस कवच ताटलीसारखं सुटून पडतं आणि खाली नारिंगी भुकटी. समुद्रापासून लांब आहे म्हणून क्लोराइड नसेल असं समजू नका. कुळागरात माडाच्या आळ्यात मीठ घालायची पद्धत आहे, आणि पोटॅशसाठी टाकतात ते एमओपी म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. पन्नास वर्षांचं ते सगळं खाली झिरपलेलं असतं.

ते काढायचं तर कॉस्टिक सोड्याचं पाणी: लिटरला २० ग्रॅम, डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, भांडं प्लॅस्टिकचं झाकणवालं. ॲल्युमिनियम जवळही नको. गोळ्याच्या आकारमानाच्या दहापट द्रावण, म्हणजे पाच-सहा लिटर. गोळा पूर्ण बुडालेला हवा आणि झाकण घट्ट हवं. पहिलं पाणी चार आठवड्यांनी बदला, पुढची सहा-सहा आठवड्यांनी.

किती वेळा बदलायचं ते डोळ्यांनी ठरत नाही, चाचणीने ठरतं. बदलण्याआधी ५ मिली द्रावण काचेच्या नळीत घ्या, त्यात विरळ नायट्रिक ॲसिड थेंब थेंब टाकून लिटमस लाल होईपर्यंत आम्ल करा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या १.७ टक्के द्रावणाचे तीन थेंब. नळी काळ्या कागदासमोर धरा. दुधासारखं झालं तर भरपूर क्लोराइड, धुरकट झालं तर थोडं. शेजारी कोऱ्या, न वापरलेल्या द्रावणाची नळी तुलनेला ठेवा, नाहीतर पाण्यातल्याच क्लोराइडला घाबरून बसाल. नायट्रिक टाकायचं विसरलात तर तपकिरी गाळ येतो आणि माणूस गोंधळतो. लागोपाठ दोन वेळा दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या की झालं. एवढ्या गोळ्याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. घाईचा उपाय नाही.

मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात अनेकदा धुऊन घ्या, दोन वेळा ॲसिटोनमध्ये बुडवा, ५०-६० अंशांवर वाळवा. टॅनिक ॲसिड २-३ टक्के, ब्रशने घासत दोन-तीन हात, दोन हातांमध्ये एक दिवस. तांबूस रंग जाऊन निळसर काळा येतो. शेवटी हेअर ड्रायरने गरम करून मायक्रोक्रिस्टलाइन मेण. खोबरेल नको, ते खवट होतं, धूळ धरतं, आणि पुढे कोणाला उपचार करायचे झाले तर आधी ते काढण्यातच वेळ जातो. रॉकेल क्लोराइडला हातही लावत नाही.

कवच काढायचं असेल तर स्काल्पेल आणि हलका ठोका, भिंगाखाली. जिथे तपकिरी संपून काळं लागतं तिथे थांबा. ते काळं म्हणजे ग्रॅफाइट उरलेला मूळ पृष्ठभाग. इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो आणि बोटाला शिसपेन्सिलीसारखा डाग लागतो. गोळ्याचा खरा आकार, ओतकामाची शिवण, एखादी खूण असेल तर ती, सगळं त्याच एक-दोन मिलिमीटरमध्ये आहे. वायर ब्रश पहिल्याच फटक्यात तेच घेऊन जातो.

मुठीला मात्र कॉस्टिक अजिबात नको! आपल्याकडच्या तलवारींत पात्याचं शेपूट मुठीत लाखेने बसवलेलं असतं आणि लाख अल्कलीत विरघळते. मूठ कोरडी, जेलमध्ये, बस.

खाडीकाठ:

गंजफोडशी दोन ठिकाणी मतभेद.

एक म्हणजे कोरडं ठेवण्याचा सल्ला मातीतल्या वस्तूंना ठीक. हेच जर शापोरा किंवा तेरेखोलच्या खाडीच्या चिखलातून, खाजन (खाडीकाठच्या खारवट) शेताच्या बांधातून निघालं असतं तर वाळवणं म्हणजे खून. खारवट चिखलातलं लोखंड बाहेर काढल्याक्षणी ओलंच ठेवायचं, सोडियम कार्बोनेट किंवा कॉस्टिकच्या पाण्यात, आणि उपचार सुरू होईपर्यंत हवा लागू द्यायची नाही. हा धागा वाचून कोणी खाडीतला गोळा सिलिका जेलमध्ये टाकला तर महिन्याभरात तो सोललेल्या कांद्यासारखा होईल.

दुसरं, इलेक्ट्रोलिसिसचं नावही घेतलं नाहीत. नीट केलं तर मुदत पुष्कळ कमी होते. कमी विद्युतप्रवाह, वस्तू ऋण टोकाला, भोवती मृदू पोलादाची जाळी.

गंजफोड:

पहिलं पूर्ण मान्य, लिहायला हवं होतं.

दुसऱ्याबद्दल: प्रयोगशाळेत ठीक. घरी काय होतं ते सांगतो. बॅटरी चार्जर लावतात, प्रवाह मोजत नाहीत, गोळ्यावर हायड्रोजनचे बुडबुडे जोरात उठतात आणि ग्रॅफाइटचा मऊ थर आतून उचकटून तळाशी काळा गाळ होतो. तोच तो मूळ पृष्ठभाग. वर जाळी म्हणून स्वयंपाकघरातलं स्टेनलेस स्टील लावतात, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात येतं आणि ते पाणी शेवटी व्हाळात. बंद खोलीत हायड्रोजन साठतो तो वेगळाच. आंतरुजकरांचा गोळा तीनशे वर्षं थांबलाय, आणखी दीड वर्ष थांबेल.

कट्यार:

आता ओळखीचं, कारण मूळ प्रश्न मर्दनगडाचा होता आणि त्याला कोणी हात लावला नाही.

१७५६ च्या २८ जूनला मर्दनगडावरच्या हल्ल्यात व्हाइसरॉय कोंदे द आल्वा मारला गेला, तेव्हा फोंड्यात त्या काळचं लष्करी साहित्य मिळणं नवल नाही. पण फोंडा महाल १७६३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला, त्याच्या आधी आणि नंतरही या वाटांवरून फौजा गेल्या-आल्या. वस्तू अठराव्या शतकातली असणं आणि ती एका विशिष्ट दिवसाची असणं यात फार अंतर आहे. विक्रेते नेमकं तेवढं अंतर गाळतात.

शिशाच्या गोळ्या: चेपलेलीचा व्यास मोजू नका, वजनावरून काढा. ग्रॅमला ५.९४ ने भागून घनमूळ घ्यायचं. २८ ग्रॅमची १.६८ सेंमी, १९ ची १.४७, चेपलेली २७ ची १.६६. म्हणजे २८ आणि २७ एकाच तोंडाच्या बंदुकीच्या असू शकतात, नळीचा व्यास गोळीपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त धरून साधारण १८ मिमी. लष्करी बंदुकीला हे माप चालतं. १९ ग्रॅमची हलक्या बंदुकीची. पण सावध: सत्तरी, सांगे, फोंडा या पट्ट्यात ठासणीच्या बंदुकीने शिकार विसाव्या शतकातही चालू होती आणि गोळ्या घरीच साच्यात ओतायचे. साच्याची शिवण आणि ओतल्या जागेचं शेपूट दोन्ही काळांत सारखंच. भोकवाली गोळी बहुतेक पागेराचं (मासे धरायच्या फेकजाळ्याचं) वजन असावं. भोकाच्या कडा आतून दोऱ्याने घासून गुळगुळीत झाल्यात का ते भिंगाने बघा.

पांढरा थर घट्ट आणि गुळगुळीत असेल तर हात लावू नका, तोच शिशाचं रक्षण करतोय. पिठासारखा सुटत असेल तर गंज चालू आहे, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा डबा असतो. प्लायवूड, पुठ्ठा आणि काही लाकडं ॲसेटिक ॲसिडची वाफ सोडतात आणि शिसं त्यात पिठूळ होतं. घरोघरी काचेच्या कपाटाची पाठ प्लायची असते, तिथे शिसं ठेवायचं नाही. पॉलिथिनच्या पिशवीत एक-एक सुटी, हात धुवायचे, पोरांच्या हाती द्यायची नाही.

मूठ: परज आणि कटोरीवर गंजाखाली चांदीची कोफ्तगिरी (लोखंडावर ठोकून बसवलेली तारेची नक्षी) असू शकते, म्हणून खरवडू नका. गोळ्याची रेडिओग्राफी करणार असाल तर त्याच खेपेला मूठही करून घ्या, तार दिसली तर दिसेल. आणि मूठ देशी म्हणून मालक मराठा असं लगेच ठरवू नका. देशी मुठीत युरोपी सरळ पातं बसवलं की आपण त्याला फिरंग म्हणतो, आणि पोर्तुगीजांकडच्या देशी शिपायांच्या हातातही देशी मूठच असायची. पातं मुळाशी तुटलंय, पण दोन-तीन सेंमी जरी उरलं असेल तर त्याची रुंदी आणि त्यावर नाळी (लांब खाच) आहे का ते नोंदवा.

बटण: अंक खरंच असेल तर मला १७५६ बद्दल शंका आहे. इंग्रजी पलटणींच्या बटणांवर क्रमांक १७६७ नंतर आले, पोर्तुगीज पायदळाला क्रमांक १८०६ मध्ये मिळाले. आणि १७९९ पासून १८१३ पर्यंत इंग्रज फौज गोव्यात तळ ठोकून होती, त्यामुळे इंग्रजी बटण इथे निघणं अगदी शक्य. चिंच, आमसूल, पितांबरी यांनी अंकाचा उरलासुरला उठाव जातो. आधी तिरप्या उजेडात, चारी बाजूंनी टॉर्च धरून फोटो काढा, कितीदा अंक फोटोतच वाचता येतो. फिकट हिरवी भुकटी टिंबटिंब दिसली तर तोही क्लोराइडचाच रोग. लाकडी काडीने टोकरून काढा, मग बेन्झोट्रायझोल (गंज रोखणारं रसायन) ३ टक्के अल्कोहोलमध्ये चोवीस तास. हातमोजे हवेतच, विषारी आहे. नंतर पॅरलॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक लेपाचा पातळ हात. पितळेला ४० टक्क्यांखालची आर्द्रता पुरते.

सगळ्यात मोलाची वस्तू तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलीत: तो दगड. मधाच्या रंगाची पाचर, पावणेतीन सेंमी, म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा दगड असण्याची दाट शक्यता. गोव्यात खडूचा दगड नाही, त्यामुळे त्यात मिळणारा खरा फ्लिंटही नाही. इथे मिळाला म्हणजे बाहेरून आणलेला. मधाळ रंग फ्रेंच खाणींतल्या दगडाचा ओळखीचा, इंग्रजी बहुतेक काळा-करडा. मात्र घाटावरचा अकीकही कधीकधी असाच दिसतो. दिव्यासमोर धरा: अकीकात बहुधा पट्टे दिसतात. धार बघा: वापरलेल्या दगडाची एक कड बारीक बारीक तुटून पायऱ्यांसारखी होते. तोड्याच्या (पेटत्या वातीच्या) बंदुकीला दगड लागत नाही, तेव्हा या एका तुकड्याने निदान हत्याराचा प्रकार तरी कळतो. पाण्याने धुवा, आणखी काही नको.

आंतरुजकर:

सर्वांना देव बरें करूं. दगडाच्या एका कडेला खरोखरच बारीक पायऱ्या आहेत आणि पट्टे नाहीत. गोळा हलवलेला नाही, पथकाला फोन करतो, अर्जाचा मसुदाही तयार आहे. एकच राहिलं: खड्डा अजून उघडा आहे, टाकीचं काम चार दिवस थांबवलंय. त्या चार दिवसांत काय नोंदवावं?

कट्यार:

खड्ड्याची जी भिंत नीट दिसते ती खुरप्याने सरळ तासा, पाणी शिंपडा आणि सावलीत फोटो काढा. उन्हात थर दिसत नाहीत. चौकटीत मीटरची पट्टी आणि उत्तरेचा बाण हवा. जमिनीपासून प्रत्येक रंगाचा थर किती सेंमीवर सुरू होतो ते लिहा. वस्तू नेमक्या कोणत्या थरात होत्या, एकाच जागी की विखुरलेल्या, हे खणणाऱ्याला आजच विचारा, आठवड्याने तो वेगळं सांगेल. सगळ्या एकाच ढिगात असतील तर कोणीतरी गोळा करून टाकलेल्या किंवा पाण्याने वाहून आणलेल्या, आणि मग गोळा, बटण व दगड एकाच काळाचे असण्याची गरजच उरत नाही. फोनवरून अक्षांश-रेखांश घ्या, सोबत सर्व्हे नंबर. खणलेल्या मातीचा ढीग टाकीवर पसरण्याआधी चाळणीतून काढायचा मोह होईल, तो पुरातत्त्व खात्याचा माणूस येईपर्यंत आवरा, ढिगावर ताडपत्री टाका.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण वस्तूवर लिहू नका. पिशवीत जाड पॉलिथिनची चिठ्ठी, पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या काळ्या पेनाने. गोळ्याची अशी चालेल: 'क्र. १, लोखंडी गोळा, घेर ३१.५ सेंमी कवचासह, ३.१ किलो, खोली ८० सेंमी, लाल माती व जांभा यांच्या सांध्यावर, तारीख, सर्व्हे नंबर'. खोली मात्र अंदाजाने लिहू नका. अडीच आणि तीन फुटांत पंधरा सेंमीचा फरक पडतो, खड्डा उघडा आहे तोवर टेप लावून मोजा.